सरकारच्या जागी

९ एप्रिल

काल सरकारचा पाय गेला.

बास्केटबॉल लीगच्या साखळीतला शेवटचा सामना होता. आम्ही बाद फेरीत आधीच पोचलो होतो, त्यामुळे निकालाला काडीची किंमत नव्हती. रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगवरून परतणारा बॉल घ्यायला, उडायचं म्हणून त्याने पायात जोर घेतला आणि तो उडालाच नाही. मी बाकावर, म्हणजे माझ्या नेहमीच्या जागी बसलो होतो. तिथपर्यंत आवाज आला, ओलं फडकं झटकल्यासारखा. टाचेमागची जाड शीर तुटली. तो ओरडला नाही. लाथ कोणी मारली ते बघायला मागे वळला आणि मागे कोणीच नव्हतं.

संघात सगळे त्याला सरकार म्हणतात, कारण तो म्हणेल ते चालतं. मला काका म्हणतात, कारण माझं वय चौतीस आणि बाकीची पोरं आहेत. नऊ मोसम मी सरकारचा बदली खेळाडू आहे. तो दमला की मी आत, त्याचा घाम वाळला की मी बाहेर. रोजच्या सरावात मात्र आम्ही दोघंच एकमेकांना बॉल देत असतो, डोळे मिटून दिला तरी तो असतो तिथेच जातो.

सामना संपल्यावर सर लॉकर रूममध्ये आले. सर म्हणजे आमचे प्रशिक्षक, बोलण्यात भलते कंजूष. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, बाद फेरीत त्याच्या जागी तू. आणि गेले.

ही वही माझी आहे, इथेही खोटं लिहायचं तर मग लिहायचंच कशाला. स्ट्रेचर बाहेर जात होतं तेव्हा माझ्या छातीत एक खिडकी उघडली. वारा आत आला. मग सरकारने चेहऱ्यावर टॉवेल ओढून घेतला, त्याचे खांदे हलताना दिसले आणि मला माझीच शिसारी आली.

११ एप्रिल

टीव्हीवरचा ज्योतिषी बोलला. हा एकेकाळी बरा खेळायचा, आता कोट घालून भाकितं करतो. त्याचं आपण मनावर घेत नाही असं आमच्यातला प्रत्येकजण सांगतो आणि तो बोलायला लागला की खोलीत चिडीचूप होते.

चार संघ उरलेत. त्याने चारही संघांचे जायबंदी लोक पडद्यावर मांडले. गतविजेत्यांच्या उंच गड्याचं बोट मोडलंय, किनाऱ्याच्या संघाच्या दोघांचे स्नायू ताणलेत, आणि आमचा सरकार. यंदाचा करंडक खेळाडू नाही, फिजिओ जिंकणार, असं म्हणून तो स्वतःच हसला. मागच्या आठवड्यात आम्हाला त्याने पहिला नंबर दिला होता. आता आम्ही शेवटचे. सरकार नसेल तर हा संघ पहिल्याच फेरीत घरी जाईल, तो म्हणाला. त्याच्या जागी कोण, असं बाजूच्या बाईने विचारलं तर त्याने कागद चाळले, नाव सापडलं नाही, मग म्हणाला, तो दुसरा.

मुलगी माझ्या मांडीवर बसून बघत होती. दुसरा म्हणजे कोण, असं तिने विचारलं. बायकोने टीव्ही बंद केला आणि जेवायला चला म्हणाली.

त्याला नावं ठेवण्यात काय अर्थ आहे. एका माणसाचा पाय दुखावला म्हणून अख्खा संघ वरून खाली आला, याचा दुसरा अर्थ हाच, की खाली आणणारा मी आहे.

१४ एप्रिल

सरकारला बघायला गेलो. शस्त्रक्रिया झाली, गुडघ्यापर्यंत प्लास्टर, पुढच्या मोसमातही तो दिसणार नाही. त्याच्या खोलीत एवढी फुलं होती की खुर्चीवरची उचलून मला बसावं लागलं. मला वाटलं होतं तो तोंड पाडून बसला असेल. त्याने फिजिओची अशी नक्कल केली की आम्ही पोट धरधरून हसलो.

निघताना त्याने माझा हात धरला. माझ्यासारखं खेळायला जाऊ नकोस, म्हणाला, मी कोणावर विश्वास ठेवत नाही म्हणून एकटा घुसतो, तू सगळ्यांना ओळखतोस, तू बॉल वाटत जा. भला माणूस आहे. मी त्याच्या जागी असतो तर मला हे सुचलं नसतं.

१९ एप्रिल

हरलो. पाच सामन्यांतला पहिलाच गेला, तीन जिंकेल तो पुढे जाणार. किनाऱ्याच्या संघाने पहिल्या भागातच आमच्या नाकी नऊ आणले. मी बॉल घालवला, पुन्हा घालवला, मग घालवू नये म्हणून हातात धरून ठेवला आणि त्यांनी तो हातातून काढून घेतला. प्रेक्षकांत कोणीतरी सरकारची जर्सी एका रिकाम्या खुर्चीला घातली होती. ती खुर्ची माझ्यापेक्षा बरी खेळली असती.

बायको बस चालवते. शेवटची फेरी सोडून डेपोतून थेट आली, खाकी गणवेशातच. मी बाहेर आल्यावर काही बोलली नाही, नुसती पिशवी माझ्या हातातून घेतली. तिने काहीतरी बोलायला हवं होतं.

२२ एप्रिल

जिंकलो. हे वाक्य लिहायला मजा येते म्हणून पुन्हा लिहितो, जिंकलो. अजून दोन जिंकले की आम्ही अंतिम फेरीत.

दुसऱ्या भागात त्यांचा दांडगा मध्यखेळाडू वळला आणि त्याचं कोपर माझ्या कानशिलावर बसलं, मग पडताना डोकं लाकडी जमिनीवर आपटलं. लोक म्हणतात मी क्षणभर हललो नाही. मला तसं काही वाटलं नाही. संघाच्या डॉक्टरांनी बोटं दाखवली, मी मोजली. सरांनी विचारलं, ठीक? मी मान हलवली. मान हलवली हेही मला पोरांनी सांगितलं.

त्यानंतर जो खेळलो तो मी उभ्या आयुष्यात खेळलो नव्हतो. आज सकाळी चित्रण बघितलं. तो पडद्यावरचा माणूस कुठून कुठे पास देतोय, बघून माझाच जीव वरखाली होत होता. पुढे काय होणार हे मला माहीतच नव्हतं, एखाद्या परक्याचा सामना बघावा तसा बघितला. मोठे खेळाडू म्हणतात, तंद्री लागली की काही आठवत नाही. ती तंद्री ही असावी. नऊ वर्षं बाकावर बसून ती कशी लागणार होती?

सामन्यानंतर दोनदा उलटी झाली. इतकी धडधड सवयीची नाही पोटाला.

२४ एप्रिल

ज्योतिषाने शब्द फिरवला. ‘तो दुसरा’ आता नावानिशी आला, फोटोसकट. त्याच्या अंदाजात आमचे आकडे वर चढले. कट्ट्यावरचा पेपरवाला, जो इतकी वर्षं मला नुसते सुटे पैसे परत द्यायचा, आज उठून उभा राहिला.

ऊन यंदा फार कडक आहे. खोलीतले पडदे लावून बसलोय. मुलीचं बोलणंही आज टोचतंय, बिचारी नेहमीसारखंच बोलते.

२८ एप्रिल

दोन्ही जिंकलो. अंतिम फेरीत आलो. ज्याने आम्हाला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं होतं त्याला बसल्या जागेवरून सलाम.

पण आज घरी तमाशा झाला. मुलीला पोहण्याच्या वर्गातून आणायचं होतं. मी गाडी घेऊन गेलो आणि तिच्या जुन्या बालवाडीसमोर थांबून राहिलो. ती बालवाडी सोडून तिला तीन वर्षं झाली. पोरं बाहेर येत होती, मी प्रत्येकीचा चेहरा बघत होतो आणि ही कशी येत नाही म्हणून चिडत होतो. इकडे ही तलावाच्या पायरीवर ओल्या केसांनी बसून. शेवटी पोहण्याच्या बाईंनी बायकोला फोन केला. ती भरल्या बसमध्ये होती, तिने फोन घेतला, आणि ड्यूटीवर फोन घेतला म्हणून तिला आता लेखी उत्तर द्यावं लागणार.

मला वाटलं ती आरडाओरडा करेल. ती समोर बसली आणि तिने अगदी हळू आवाजात विचारलं, डोकं दुखतंय ना? मी म्हणालो थोडं. किती दिवस? मी म्हणालो, खेळात लागतंच.

“आमच्याकडे ब्रेक मारताना काचेवर डोकं आपटलं तरी पंधरा दिवस स्टिअरिंगला हात लावू देत नाहीत,” ती म्हणाली. “मागे पन्नास माणसं बसलेली असतात म्हणून.”

“माझ्यामागे बारा हजार बसतात,” मी म्हणालो.

“ती खेळ संपला की आपापल्या घरी जातात. तू आमच्याकडे येतोस.”

मग तिने वचन मागितलं की डॉक्टरांना सगळं सांगेन. मी दिलं.

३० एप्रिल

डॉक्टरांना सांगितलं. सगळं नाही, पण झोप नीट लागत नाही एवढं सांगितलं. त्यांनी चाचणी घेतली. ते पाच शब्द सांगतात, मग इकडच्यातिकडच्या गप्पा मारतात आणि मग ते शब्द परत विचारतात. शब्द दर वेळी तेच असतात, दिवा, कात्री, नदी, उशी, घंटा. आमच्यातल्या एकाने ते मला आधीच सांगून ठेवले होते, मी मनगटाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला लिहिले. फसवणूक म्हणावी तर तेवढी नाही. शब्द मला येतच होते, नुसती खात्री असावी म्हणून लिहिले. डॉक्टर म्हणाले उत्तम. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनाही अंतिम सामना बघायचाच आहे.

घरी सांगितलं, डॉक्टर उत्तम म्हणाले. बायको माझ्याकडे बघत राहिली आणि मग भांडी घासायला गेली. इतकी चांगली बातमी दिली तरी हिचं समाधान म्हणून होत नाही.

४ मे

अंतिम फेरीतला पहिला सामना गतविजेत्यांनी घेतला, दुसरा आम्ही. त्यात मी फारसा चमकलो नाही, पण संघ जिंकला.

टीव्हीवर एक जण आहे, कोट घालून भाकितं करतो, त्याला आम्ही ज्योतिषी म्हणतो. तो म्हणाला, एका दुखापतीने हा संघ संपेल असं मी म्हणालो होतो, त्याच दुखापतीने यांना नवा माणूस दिला. नवा माणूस म्हणजे मी. चौतिसाव्या वर्षी.

वरची तारीख आधी चुकली होती, बायकोने दाखवल्यावर खोडून नीट केली.

७ मे

आज मी एक मित्र गमावला.

सरकार कुबड्या घेऊन सरावाला आला होता. सराव संपल्यावर आम्ही दोघं पायऱ्यांवर बसलो. मी त्याला पेपरवाल्याची गंमत सांगितली, कसा तो मला बघून उठून उभा राहतो. तो हसला. मग इतर बोलणं झालं. मग मी म्हणालो, अरे एक गंमत सांगायचीच राहिली, आणि सांगायला लागलो. तो या वेळी हसला नाही.

“हे तू मला आत्ताच सांगितलंस, काका.”

मी म्हणालो, असेल. तो माझ्याकडे असा बघत होता, जसा आपण दाराशी आलेल्या अनोळखी माणसाकडे बघतो. मग त्याने सामन्यांतलं एकेक काढलं. अंतिम फेरीतल्या तिसऱ्या सामन्यात मी चुकीच्या बाजूला धावलो. टाइमआउट झाल्यावर दुसऱ्याच संघाच्या बाकाकडे निघालो होतो आणि एका पोराने जर्सी धरून मला वळवलं. मला यातलं काही आठवत नाही, बहुधा तो तिखटमीठ लावत असावा.

“तू बस,” तो म्हणाला. “निदान एक सामना बस. मी सरांशी बोलतो.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आजवर तो मला त्याच्या फुलांमध्ये बसवून घेत होता, कारण मी हरणार होतो. मी जिंकायला लागलो आणि त्याचा पाय दुखायला लागला.

“तुझ्या जागी कोणी चांगलं खेळतंय, ते बघवत नाही ना तुला?”

त्याला लागलं ते. त्याने कुबड्या जवळ ओढल्या.

“ती माझी जागा नाही. आता तुझी आहे. म्हणूनच सांगतोय.”

किती गोड बोलता येतं माणसाला. मी उठून आलो. तो कुबड्या घेऊन माझ्या मागे यायला लागला, पण त्या पायऱ्यांवर त्याला कुठे झेपणार.

८ मे

त्याने खरंच सरांचे कान भरले. सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. म्हणाले, तो असं असं सांगतोय, डोकं कसं आहे? मी म्हणालो, ठीक आहे सर, डॉक्टरांना विचारा, त्याला घरी बसून करमत नाही एवढंच. सर खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर काही नव्हतं, गाड्या उभ्या करायची जागा आणि एक पिवळी भिंत. मग म्हणाले, तू ठीक म्हणतोयस, मग ठीक. मी डॉक्टरांच्या शब्दाबाहेर नाही. जाताना दार लावून घे.

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सर असेच आहेत, माया दाखवायला लाजतात. पण त्यांनी माझी बाजू घेतली. त्यांच्यासाठी मी काहीही करायला तयार आहे.

१० मे

दोन-दोन बरोबरी. उद्या शेवटचा सामना. जिंकू तो करंडक.

चौथ्या सामन्यात पुन्हा एकदा आपटलो, फार नाही. कानात एक बारीक शिट्टी वाजतेय, कुकर लांबच्या घरात असावा तशी. मुलीने विचारलं, बाबा तू जिंकणार ना? मी हो म्हणालो, तर म्हणाली मग हसत का नाहीस? मी हसतच होतो.

 सकाळी बायकोने माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्या. मी सांगितलं नव्हतं. मी किती वेळ त्या हातात धरून बसलो होतो असं तिला वाटलं कोण जाणे.

१२ मे

लिहायला बसतो आणि उठतो. पण लिहायलाच हवं, नाहीतर लोक म्हणतात तेच खरं ठरेल. आणि ते खरंच आहे.

शेवटचे काही सेकंद उरले होते आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. सरांनी टाइमआउट घेतला. फळ्यावर त्यांनी डाव काढला, बॉल माझ्याकडे येणार, मी डावीकडे सरकणार, कोपऱ्यातल्या पोराला देणार, तो मारणार. इतकं सोपं. हे मला आज ठाऊक आहे कारण पेपरात छापून आलंय. तेव्हा मी फळ्याकडे बघत होतो आणि फळ्यावर नुसत्या रेघा होत्या.

बॉल माझ्याकडे आला. आवाज गेला. बारा हजार माणसं तोंड उघडून होती आणि आवाज काही नाही. समोर कोण आपलं, कोण त्यांचं, कळेना. मग मला सरकार दिसला. तो त्याच्या जागी होता. नऊ वर्षं मी ज्याला डोळे मिटून बॉल दिला तो माणूस दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. मी त्याला बॉल दिला.

पास उत्तम गेला. थेट त्याच्या छातीवर. तो रेषेबाहेर होता, साध्या कपड्यांत, खुर्चीवर, प्लास्टरचा पाय समोर ठेवून, आणि त्याने बॉल झेलला. झेलला आणि धरून बसला. माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या परत पास देण्याची वाट बघत राहिलो. पंचाने शिट्टी मारली तरी मी हात पुढे करून उभाच होतो.

हरलो.

लोक हसले नाहीत आधी. हसायला त्यांना वेळ लागला.

१४ मे

तेवढाच तुकडा सगळीकडे फिरतोय. त्याला संगीत लावलंय. ज्योतिषी म्हणाला, दडपण आलं की माणसाचं पाणी कळतं, सुरुवातीला मी जे म्हणालो होतो ते शेवटी खरं झालं. त्याचं बरोबर आहे. इतक्या लांबून त्याला दिसलं, मला इतक्या जवळून दिसलं नाही.

मी घाबरलो. दुसरं काय. नऊ वर्षं मागत होतो ती गोष्ट हातात आली आणि मी ती ज्याची होती त्याला परत केली. सगळ्यांसमोर.

पेपरवाला आज बसून होता.

सरांचा फोन नाही. ते तरी काय बोलणार.

१५ मे

आंघोळीच्या खोलीत पडलो. बायकोने ड्यूटी सोडली आणि मला मोठ्या इस्पितळात आणलं. नळकांड्यात घालून डोक्याचे फोटो काढले. खोली छान आहे, पडदे जाड आहेत.

१६ मे

इथले मेंदूचे डॉक्टर खुर्ची ओढून बसले. थकलेला, सज्जन माणूस. त्यांनी बायकोला आणि मला एकत्रच सांगितलं. कोपराचा तो पहिला मार साधा नव्हता, आणि तो भरून यायच्या आत पुढचे बसत गेले. आता खेळ बंद. कायमचा. उजेड कमी, वाचणं-लिहिणं नाही. काही गोष्टी परत येतील, काही येतील की नाही हे आत्ता सांगता येत नाही. मी विचारलं, किती टक्के? ते म्हणाले, मी टक्के सांगत नाही.

मग ते म्हणाले, तो शेवटचा पास तुम्ही घाबरून दिलेला नाही. तो मार बोलत होता. त्या अवस्थेत तुम्ही उभे होतात हेच नवल.

बायको रडायला लागली. मी त्यांचे आभार मानले. किती भला माणूस. रोज असे लोक येत असतील त्यांच्याकडे, प्रत्येकाला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलावंच लागत असेल.

संध्याकाळी सरकार आला. मी त्याची माफी मागणार होतो, पण त्यानेच आधी मागितली. म्हणाला, मी सरांच्या पाया पडायचं बाकी ठेवलं होतं, काका. मी त्यांना सांगितलं, हा मैदानावर दिशा चुकतो, याला खेळवू नका. सर म्हणाले, माझ्याकडे तिसरा माणूस नाही. मी पत्रकारांकडे जायला हवं होतं, तू शिव्या घातल्या असत्यास, घालू द्यायला हव्या होत्या.

बायको उठून उभी राहिली. तिने विचारलं, म्हणजे सरांना माहीत होतं? त्याने हो म्हणून मान हलवली. ती म्हणाली, हे मी सगळ्या जगाला सांगणार. मी तिला बसवलं. सरांना नावं ठेवायची नाहीत, म्हणालो. नऊ वर्षांत मला दुसऱ्या कोणी खेळवलं होतं? आणि लोक म्हणतील, हरल्यावर निमित्त काढलं.

दोघंही माझ्याकडे बघत होते. मला कळेना मी चुकीचं काय बोललो.

२१ मे

मला लिहायची बंदी आहे म्हणून मी सांगतोय आणि बायको लिहून घेतेय.

आम्ही घरी आलो आहोत. मुलगी दारात उभी राहून हळू आवाजात बोलते, तिला कोणीतरी तसं सांगितलं असावं. खोलीत अंधार आहे आणि बरं वाटतंय.

मला एवढंच लिहून ठेवायचं आहे, की कोणाचाही दोष नव्हता. सरांचा नाही, डॉक्टरांचा नाही, सरकारचा तर नाहीच. मला संधी मिळाली होती. चांगली मिळाली होती. मी घाबरलो.

इथे ती थांबली आहे. हे मी लिहिणार नाही म्हणते. मी म्हणतोय, लिही. वही माझी आहे. मी घाबरलो.

इथून पुढचं माझं आहे. त्याला आता झोप लागली आहे.

तो म्हणाला ते सगळं शब्दशः लिहिलं. आज सकाळपासून त्याने हे मला तिसऱ्यांदा सांगितलं. प्रत्येक वेळी वही कुठे आहे विचारलं, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगतोय अशा आवाजात सुरुवात केली, आणि शेवटाला आला की प्रत्येक वेळी रडला. पहिल्या दोन वेळा मी नुसतं लिहिल्यासारखं केलं. पेन कागदावर टेकवलं नव्हतं. तिसऱ्यांदा वाटलं, लिहिलं तर कदाचित त्याच्या डोक्यातून उतरेल, म्हणून लिहिलं.

आत्ता तो झोपेतून हाक मारतोय. वही कुठे आहे विचारतोय.